परिशेष आणि ओळख : पत्त्यांच्या दैनिक अनुमानकोड्यांची चिकित्सा

१

पारंपरिक कोड्यात चुकलेल्या उत्तराला मोल नसते. कोडे घालणारा वस्तू रूपकाआड लपवितो. ऐकणाऱ्याला ती एकदम दिसते, किंवा दिसतच नाही. ‘हे नव्हे’ एवढेच सांगून घालणारा गप्प बसतो आणि ऐकणारा होता तेथेच राहतो. दैनिक अनुमानकोडे नावाचा जो प्रकार अलीकडे रूढ झाला आहे त्याचे वैशिष्ट्य याच ठिकाणी आहे. येथे प्रत्येक चूक काहीतरी शिकवून जाते. चुकलेल्या उत्तराचा कोणता अंश खऱ्या उत्तराशी जुळला आणि कोणता जुळला नाही, हे कोडेच रंगांनी आणि बाणांनी सांगते. आणि सोडविणाऱ्याचे कौशल्य बरोबर उत्तर देण्याइतकेच उपयुक्त चूक करण्यात असते.

या प्रकाराला आजचे स्वरूप जॉश वॉर्डल यांच्या ‘वर्डल’ या शब्दकोड्याने दिले. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विकत घेतले. दिवसाला एकच कोडे, सर्वांना एकच उत्तर, पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द आणि सहा प्रयत्न, एवढीच त्याची सामग्री. या साच्यावर पुढे असंख्य कोडी बेतली गेली. देश ओळखा, चित्रपट ओळखा, आणि त्याचप्रमाणे एखाद्या भ्रमणध्वनीवरील खेळातील पत्ता ओळखा, असे त्यांचे विषय आहेत. यांपैकी शेवटचा वर्ग आपल्या विवेचनाचा विषय आहे. उदाहरणासाठी ‘क्लॅश रॉयल’ हा खेळ घेतला आहे. हेलसिंकी येथील सुपरसेल या कंपनीने तो २ मार्च २०१६ रोजी जगभर प्रसिद्ध केला. आठ पत्त्यांचा संच घेऊन दोन खेळाडू समोरासमोर येतात. ‘इलिक्सर’ नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते, ते खर्चून पत्ते टाकावयाचे आणि प्रतिपक्षाचे बुरूज पाडावयाचे, असा हा खेळ आहे. त्यातील पत्त्यांची संख्या आता शंभराहून अधिक आहे.

या कोड्यांविषयी खेळाडू एकमेकांना जो उपदेश करतात त्याचा सारा भर पहिल्या अनुमानावर असतो. कोणता पत्ता आधी टाकावा, कोणत्या पत्त्याने सर्वांत अधिक माहिती मिळते, हाच त्यांच्या चर्चेचा मुख्य प्रश्न होय. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की या डावपेचांचे मोल मोजता येते आणि मोजले असता ते अल्प ठरते. ज्या गोष्टीवर कोडे खरोखर सुटते ती गोष्ट म्हणजे संभाव्य उत्तरांची यादी सोडविणाऱ्याच्या मनात संपूर्ण असणे. तिचा विचार मात्र डावपेचांच्या चर्चेत जवळजवळ होत नाही.

२

प्रथम कोड्याची रचना पाहू. सोडविणारा एका पत्त्याचे नाव देतो आणि त्या पत्त्याचे गुणधर्म स्तंभांत मांडले जातात. स्तंभ कोणते व किती, हे कोड्याकोड्यागणिक बदलते. विवेचनाच्या सोयीसाठी आपण तीनच स्तंभ धरू. पहिला दुर्मिळतेचा, तीत कॉमन, रेअर, एपिक, लेजंडरी अशा पायऱ्या आहेत, आणि २०२१ पासून चॅम्पियन ही पाचवी पायरी आहे. दुसरा प्रकाराचा, पत्ता ‘ट्रूप’ म्हणजे सैन्य असेल, ‘स्पेल’ म्हणजे मंत्र असेल, किंवा ‘बिल्डिंग’ म्हणजे इमारत असेल. तिसरा मूल्याचा, म्हणजे पत्ता टाकण्यास लागणारे इलिक्सर. पहिल्या दोन स्तंभांत जुळले की हिरवा आणि न जुळले की तांबडा, एवढेच उत्तर मिळते. तिसऱ्यात मात्र उत्तराचे मूल्य अधिक आहे की उणे, हे बाणाने दाखविले जाते.

या रचनेचा पूर्वज ‘वर्डल’हून जुना आहे. १९७० च्या सुमारास मॉर्डेकाय मेइरोविट्झ यांनी ‘मास्टरमाइंड’ हा खेळ रचला. त्यात सहा रंगांच्या खुंट्यांतून चार जागांचा लपविलेला क्रम ओळखावयाचा असतो. असे क्रम एकूण १,२९६ होतात. डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक अनुमान योग्य रीतीने निवडले तर यांपैकी कोणताही क्रम फार तर पाच अनुमानांत सापडतो. त्यांची कसोटी अशी : प्रत्येक अनुमानाने शक्यतांचे निरनिराळे गट पडतात; ज्या अनुमानाने पडणारा सर्वांत मोठा गट शक्य तितका लहान राहील, ते अनुमान करावे. आजच्या डावपेचांच्या चर्चेत जे चांगले आहे ते बहुतेक या कसोटीतून, आणि क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहितीच्या मापनातून आलेले आहे.

परंतु ‘मास्टरमाइंड’ आणि पत्त्यांचे कोडे यांत एक मूलगामी भेद आहे. ‘मास्टरमाइंड’मध्ये नियम समजला की यादी समजली, सहा रंग व चार जागा माहीत असणाऱ्याला १,२९६ क्रमांपैकी एकही क्रम आठवावा लागत नाही, तो मांडून काढता येतो. पत्त्यांचे तसे नाही. पाच दुर्मिळता, तीन प्रकार आणि एक ते नऊ ही मूल्ये यांचा गुणाकार केला तर १३५ घरे होतात. परंतु त्यांतील पुष्कळ घरे रिकामी आहेत आणि काहींत दाटी आहे. चॅम्पियन दर्जाचा मंत्र या खेळात नाही. उलट कॉमन, सैन्य आणि मूल्य तीन या एकाच घरात नाइट, आर्चर्स व मिनियन्स असे निदान तीन पत्ते राहतात. कोणते घर वसलेले आहे आणि कोणते ओसाड, हे कोणत्याही नियमावरून काढता येत नाही. ते खेळूनच, किंवा यादी पाहूनच, कळावे लागते.

३

आता डावपेचांचे मोल मोजू. शंभरांवर पत्त्यांचा हिशेब येथे देणे शक्य नाही. म्हणून सोळा पत्त्यांचे एक लहान जग कल्पू. कॉमनपैकी स्केलेटन्स हे एक मूल्याचे सैन्य, नाइट हे तीनचे सैन्य, ॲरोज हा तीनचा मंत्र आणि टेस्ला ही चारची इमारत. रेअरपैकी मस्केटिअर आणि हॉग रायडर ही दोन्ही चारची सैन्ये, फायरबॉल हा चारचा मंत्र आणि जायंट हे पाचचे सैन्य. एपिकपैकी बेबी ड्रॅगन हे चारचे व गोलेम हे आठचे सैन्य, लाइटनिंग हा सहाचा मंत्र आणि एक्स-बो ही सहाची इमारत. लेजंडरीपैकी लॉग हा दोनचा मंत्र, आणि प्रिन्सेस, लंबरजॅक व लाव्हा हाउंड ही अनुक्रमे तीन, चार व सात मूल्यांची सैन्ये. सोळांपैकी प्रत्येक पत्ता उत्तर असण्याचा संभव सारखाच आहे, असे गृहीत धरू.

एखादा सोडविणारा आवडीने गोलेमपासून आरंभ करतो. गोलेम हा या जगातील सर्वांत महाग पत्ता असल्याने मूल्याच्या स्तंभातील बाण नेहमी खालीच वळणार. म्हणजे तो स्तंभ जवळजवळ वाया गेला. गोलेमने सोळा पत्त्यांचे पाचच गट पडतात : गोलेम स्वतः, एकटा बेबी ड्रॅगन, लाइटनिंग व एक्स-बो ही जोडी, ॲरोज, टेस्ला, फायरबॉल व लॉग हे चौघे, आणि उरलेल्या आठ सैन्यांचा एक मोठा घोळका. अर्ध्या वेळा सोडविणारा या घोळक्यात सापडणार.

दुसरा सोडविणारा मस्केटिअरपासून आरंभ करतो. मस्केटिअर मूल्याने मध्यावर आहे आणि सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारातील आहे. त्यामुळे तिन्ही स्तंभ काम करतात आणि गट दहा पडतात. त्यांपैकी पाच गटांत एकेकच पत्ता आहे, चारांत दोन-दोन आहेत, आणि सर्वांत मोठ्या गटात स्केलेटन्स, नाइट व प्रिन्सेस हे तिघे आहेत. शॅनन यांच्या मापाने बोलावयाचे तर सोळांतून एक निवडण्यास चार ‘बिट’ माहिती लागते. तीपैकी गोलेम सरासरीने १.८७५ बिट देतो आणि मस्केटिअर सुमारे ३.२ बिट देतो. फरक मोठा दिसतो. डावपेचांची चर्चा करणारे येथेच थांबतात आणि विजयी मुद्रेने मस्केटिअरकडे बोट दाखवितात.

पण सोडविणाऱ्याला बिट मिळवावयाचे नसतात. त्याला कोडे सोडवावयाचे असते. म्हणून हिशेब शेवटपर्यंत नेला पाहिजे. मस्केटिअरने आरंभ केल्यास सोळा उत्तरांना मिळून ३७ अनुमाने लागतात, सरासरी २.३१, आणि कोणतेही उत्तर तिसऱ्या अनुमानापलीकडे जात नाही. गोलेमने आरंभ करून पुढील अनुमाने शहाणपणाने केल्यास एकूण ४४ अनुमाने लागतात, सरासरी २.७५, आणि क्वचित चौथे अनुमान करावे लागते. म्हणजे चांगल्या व वाईट आरंभातील अंतर ०.४४ अनुमान, अर्ध्या अनुमानाहूनही कमी.

यावर असा आक्षेप येईल, की सोळांचे जग फार लहान आहे. शंभरांवर पत्ते घेतले तर अंतर वाढेल. ते वाढेलही, परंतु त्याला एक मर्यादा आहे आणि ती सिद्ध करण्यास गणिताची गरज नाही. वाईट पहिले अनुमान करून बसलेल्या मनुष्याला ते विसरून जाण्याची मुभा असते. त्याने दुसऱ्या अनुमानापासून, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने, उत्तम पद्धती अनुसरली, तरी त्याचे नुकसान बरोबर एका अनुमानाचे होते. आणि पहिल्या अनुमानातून त्याला काही ना काही कळलेलेच असते, म्हणून प्रत्यक्ष नुकसान बहुधा त्याहून कमीच. तात्पर्य, पत्ते सोळा असोत की शंभर, वाईट आरंभाची किंमत एका अनुमानाहून अधिक असू शकत नाही. ज्या कोड्यांत प्रयत्नांना मर्यादाच नसते तेथे तर ही किंमत नाममात्रच म्हणावी लागेल. सतत वाईट अनुमाने करणाऱ्याची गोष्ट वेगळी; परंतु ‘पहिले अनुमान कोणते’ या प्रश्नाला जे महत्त्व दिले जाते त्याला आधार नाही.

४

मग कोडे कशावर अडते? वरील हिशेबात एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरली होती. ती म्हणजे, सोळाही पत्ते त्यांच्या तिन्ही गुणधर्मांसह सोडविणाऱ्याच्या ध्यानात आहेत. हे गृहीत काढून घेतले म्हणजे काय होते ते पाहावे. समजा, उत्तर लॉग आहे आणि सोडविणाऱ्याला लॉगचे विस्मरण झाले आहे. त्याने आरंभ उत्तम केला, मस्केटिअर टाकला. उत्तर आले : दुर्मिळता जुळत नाही, प्रकार जुळत नाही, मूल्य चाराहून कमी. त्याच्या आठवणीत या वर्णनाचा एकच पत्ता आहे, ॲरोज. तो ॲरोज टाकतो. उत्तर येते : दुर्मिळता नाही, प्रकार बरोबर, मूल्य तिनाहून कमी. आता त्याच्या यादीत एकही पत्ता उरत नाही. त्याने केलेले प्रत्येक अनुमान निर्दोष होते. तथापि तो अडला आहे, आणि किती वेळ अडून राहील हे कोणताही हिशेब सांगू शकत नाही. चांगल्या डावपेचाने मिळालेले अर्धे अनुमान एका विस्मरणाने शतपट वसूल करून घेतले.

या स्थितीचे नेमके विश्लेषण आपल्याकडील न्यायशास्त्रात पूर्वीच झालेले आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील शेषवत् या प्रकाराचे भाष्यकार वात्स्यायन दोन अर्थ देतात. एक कार्यावरून कारणाचे अनुमान; दुसरा परिशेष, म्हणजे जे जे संभवते त्यातील एकेकाचा निषेध करीत जावे आणि जे उरेल त्याचा स्वीकार करावा. त्यांचे उदाहरण शब्दाचे आहे. शब्द हा द्रव्य, कर्म की गुण, असा संशय आला असता तो द्रव्य नाही आणि कर्मही नाही हे दाखवून उरलेला गुणाचा पक्ष ते स्वीकारतात. दैनिक कोडे सोडविणारा रोज सकाळी हेच करीत असतो. परंतु भाष्यकारांच्या विवेचनात एक अट अनुस्यूत आहे : जे संभवते म्हणून पुढे आले त्याच्याबाहेर दुसरे काही संभवत नाही, हे निश्चित असले पाहिजे. ही अट पाळली गेली नाही तर निषेध कितीही अचूक असो, उरलेले ते खरे असे म्हणता येत नाही.

आजच्या डावपेचांच्या चर्चेतील उणीव नेमकी ही आहे. ती निषेधाची कला शिकविते आणि संभवाच्या पूर्णतेकडे पाहत नाही. ‘मास्टरमाइंड’मध्ये ही उणीव उणीवच ठरत नाही, कारण तेथे पूर्णता नियमानेच हाती दिलेली आहे, कनूथ यांना तिचा उल्लेख करण्याचे कारण नव्हते. तेथील कसोटी जशीच्या तशी पत्त्यांच्या कोड्याला लावणे म्हणजे जे फुकट मिळत नाही ते फुकट मिळाले असे मानणे होय.

यावर कोणी म्हणेल, की पत्त्यांची यादी शेजारी उघडून ठेवावी, म्हणजे पूर्णतेचा प्रश्न मिटला. खरे आहे; तो मिटतो. परंतु त्याबरोबर कोडेही मिटते. यादी समोर ठेवून स्तंभ ताडून पाहणे हे काम यंत्र क्षणार्धात करील आणि मनुष्यापेक्षा चांगले करील. म्हणजे या कोड्याला दोन वाचने संभवतात. यादीसह सोडविले तर तो हिशेब आहे आणि मनुष्याचे त्यात विशेष काम नाही. यादीविना सोडविले तर तो स्मरणाचा व्यवहार आहे आणि हिशेबाचे त्यात गौण स्थान आहे. डावपेचांची चर्चा पहिल्या वाचनाची तंत्रे दुसऱ्या वाचनाला लावते. म्हणूनच ती वाचून सोडविणारा फारसा सुधारत नाही.

५

तर मग यादीविना सोडविणाऱ्यासाठी काही पद्धती सांगता येईल काय? येईल; परंतु तिचा भर वेगळ्या जागी ठेवावा लागेल.

आरंभाविषयी एवढेच पुरे, की मूल्याने मध्यावरचा आणि नेहमीच्या प्रकारातील पत्ता घ्यावा. मस्केटिअर, फायरबॉल, बेबी ड्रॅगन यांत निवड करीत बसू नये. मधल्या अनुमानांविषयी, जे उत्तर असू शकते तेच टाकावे, हा सामान्य नियम या कोड्यात बहुधा पुरतो. ‘वर्डल’मध्ये या नियमाला एक प्रसिद्ध अपवाद आहे. शेवटची चार अक्षरे जुळली आणि ‘लाइट’, ‘माइट’, ‘नाइट’, ‘साइट’, ‘फाइट’ अशी इंग्रजी शब्दांची मालिका उरली, तर एकेक टाकीत बसण्यापेक्षा त्या निरनिराळ्या आद्याक्षरांपैकी अनेक अक्षरे एकत्र असलेला, उत्तर नसलेलाच शब्द टाकणे शहाणपणाचे असते. पत्त्यांच्या कोड्यात असा सापळा वेगळ्या रूपाने येतो. नाइट, आर्चर्स आणि मिनियन्स उरले, तर आपल्या तिन्ही स्तंभांना ते एकरूप आहेत. त्यांना वेगळे करील असे तिसरे अनुमान नाही. एकेक टाकूनच पाहावे लागते. येथे चातुर्य दाखविण्याचा यत्न व्यर्थ होय.

खरी पद्धती अडल्यानंतर सुरू होते. लॉग विसरलेल्या सोडविणाऱ्याकडे परत येऊ. त्याच्या यादीत कोणी उरले नाही, हा त्याला पराभव वाटतो. वस्तुतः ती फार मोलाची माहिती आहे. आपल्या यादीत एक पत्ता गहाळ आहे, एवढेच तिने सांगितलेले नाही. तो गहाळ पत्ता मंत्र आहे, त्याचे मूल्य एक किंवा दोन आहे, आणि तो कॉमन वा रेअर नाही, हेही तिने सांगितले आहे. आतापर्यंत तो ‘मला आठवणाऱ्यांपैकी कोण उरले’ असे विचारीत होता. आता त्याने प्रश्न उलटा करावा : अशा वर्णनाचा पत्ता मी कधी पाहिला आहे काय? इतका स्वस्त आणि इतका दुर्मिळ मंत्र कोणी माझ्यावर टाकला होता काय? या उलट प्रश्नाने स्मृती यादीच्या मार्गाने न जाता अनुभवाच्या मार्गाने जाते. पटावरून घरंगळत येणारा, वाटेतील लहानसहान सैन्याला लोळवीत जाणारा ओंडका डोळ्यांसमोर येतो, आणि नाव मागाहून येते. परिशेषाचे काम येथे संपते. यापुढे जे घडते त्याला आपल्या परंपरेत प्रत्यभिज्ञा म्हणतात : पूर्वी अनुभवलेली वस्तू ‘तीच ही’ असे ओळखणे.

म्हणून माझ्या मते या कोड्यातील सर्वांत उपयुक्त सवय अशी आहे. प्रत्येक अनुमानानंतर उरलेले पत्ते मोजण्याआधी उरलेले वर्णन पूर्ण वाक्यात मनाशी म्हणावे. ‘एपिक, इमारत, पाचाहून महाग’ असे म्हटले की एक्स-बो आपोआप वर येतो. नावांवरून वर्णनाकडे जाणारी वाट लांब आहे. वर्णनावरून अनुभवाकडे आणि अनुभवावरून नावाकडे जाणारी वाट जवळची आहे. तसेच, रोजचे उत्तर मिळाल्यावर ते कोणत्या घरात राहते आणि त्याचे शेजारी कोण, हे क्षणभर पाहून ठेवावे. दुसऱ्या दिवशीचे अनुमान त्याने सुधारत नाही, परंतु यादीतील भोके त्यानेच बुजत जातात.

६

येथवर आपण सोडविणाऱ्याच्या बाजूने विचार केला. आता कोड्याच्या बाजूने करू. पत्त्याचे लक्षण स्तंभांनी करता येते, हे कोड्याचे मूळ गृहीत आहे. लक्षणाचे दोष आपल्या शास्त्राने अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव असे सांगितले आहेत. मस्केटिअर आणि हॉग रायडर यांचे उदाहरण अतिव्याप्तीचे आहे. दोन्ही रेअर, दोन्ही सैन्य, दोन्हींचे मूल्य चार. आपल्या तीन स्तंभांत त्यांच्यात काडीचाही भेद नाही. आणि ज्याने एकदाही खेळ खेळला आहे त्याला यांच्याइतके भिन्न पत्ते क्वचितच सुचतील. एक लांब उभी राहून आकाशातील व भूमीवरील शत्रूंवर गोळ्या झाडते. दुसरा डुकरावर स्वार होऊन, वाटेत कोणाशी न झुंजता, थेट इमारतींवर धावून जातो. ‘कोणावर हल्ला करतो’ हा चौथा स्तंभ घातला की दोघे वेगळे होतात. परंतु चौथ्या स्तंभानंतरही काही जोड्या एकरूप राहतील आणि पाचवा स्तंभ मागतील.

याहून बोलके उदाहरण ‘मिरर’ म्हणजे आरसा या पत्त्याचे आहे. आधी टाकलेला पत्ता तो पुन्हा टाकतो, आणि त्याचे मूल्य त्या पत्त्याहून एकाने अधिक असते. त्याला स्वतःचे मूल्य नाही. मूल्याच्या स्तंभात आरशासमोर काय लिहावे? जे काही लिहिले जाईल ते सोयीचे असेल, खरे नसेल. पत्त्याचे सारे वैशिष्ट्य ज्या गोष्टीत आहे तीच गोष्ट स्तंभाला मांडता येत नाही. याच जातीच्या कोड्यांत चित्राचा एक तुकडा मोठा करून दाखवून, किंवा काही चिन्हांवरून, उत्तर ओळखावयास सांगण्याचेही प्रकार असतात. ते निव्वळ प्रत्यभिज्ञेचे खेळ आहेत. त्यांत डावपेच जवळजवळ चालत नाहीत, आणि ज्याने खेळ पुष्कळ खेळला आहे तोच जिंकतो. स्तंभांचे कोडे लोकप्रिय असले तरी खेळाची खरी ओळख त्या दुसऱ्या प्रकारांतच अधिक कसाला लागते, असे म्हणावयास हरकत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपणही ग्रंथकारांचे स्तंभ करतो : कालखंड, संप्रदाय, वाङ्मयप्रकार, आयुर्मर्यादा. बालकवी (१८९०–१९१८) आणि गोविंदाग्रज (१८८५–१९१९) यांना या स्तंभांत ठेवून पाहावे. दोघे केशवसुतांनंतरचे, दोघे कवी, दोघे अल्पायुषी, दोघांचा मृत्यू वर्षाच्या आत एकमेकांमागून. सारी घरे हिरवी. ‘नाटककार’ हा स्तंभ घातला की गडकरी वेगळे होतात, जसा हॉग रायडर चौथ्या स्तंभाने होतो. परंतु ज्याने या दोघांच्या चार-चार कविता वाचल्या आहेत त्याला तो स्तंभ लागत नाही. आणि ज्याने वाचल्या नाहीत त्याला तो मिळूनही, दोघे कवी म्हणून भिन्न का, हे कळत नाही. प्रश्नपत्रिकेतील ‘थोडक्यात परिचय’ परिशेषाने लिहिता येतो. निनावी उतारा समोर ठेवून ‘हा कोणाचा’ असे विचारले की मात्र परिशेष मुका होतो.

याचा अर्थ स्तंभ निरुपयोगी आहेत असा नव्हे. लॉग विसरलेल्या सोडविणाऱ्याला त्याची आठवण करून दिली ती स्तंभांनीच. रिकाम्या यादीने नेमके कोठे पाहावे हे सांगितले. वर्गीकरणाचे काम एवढेच आणि हे मोठे आहे : आपल्या परिचयातील उणीव कोठे आहे हे ते अचूक दाखविते. ती भरून काढण्याचे सामर्थ्य त्यात नाही. दैनिक कोड्यांचे डावपेच सांगणारांनी पहिल्या अनुमानाची चर्चा आवरती घेऊन या सीमेचा विचार केला, तर सोडविणाऱ्याचे काम अधिक सुकर होईल. कारण अडल्यावर हिशेब वाढवावयाचा नसून पाहिलेले आठवावयाचे आहे, आणि जे पाहिलेच नाही ते जाऊन पाहावयाचे आहे, हे तरी त्याला कळेल.